चित्र काढायची परीक्षा, चित्र बघायची जागा

लातुरात ‘प्रदर्शन’ म्हटलं की तीन गोष्टी समोर येतात. पहिलं कृषी प्रदर्शन: ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, बियाण्यांच्या पिशव्या. दुसरं शाळेतलं विज्ञान प्रदर्शन, ज्यात दरवर्षी कुणीतरी खायच्या सोड्याचा ज्वालामुखी फोडतं. तिसरं ‘भव्य प्रदर्शन व विक्री’, म्हणजे मंगल कार्यालयात दहा दिवस लागलेला साड्या-चादरींचा सेल. चित्रांचं प्रदर्शन या यादीत येत नाही. बारावीपर्यंत मी लातुरातच होतो आणि देवळांच्या नि शाळांच्या भिंतींवर रंगवलेली सोडली तर तोवर मी एकही मूळ चित्र पाहिलं नव्हतं. जे पाहिलं ते छापलेलं.

आणि तरीही मी चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा पास आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही हे शब्द समजावून सांगायला नकोत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. बाकावर मांडलेली बादली, तिच्यावर टाकलेला टॉवेल, शेजारी दोन कांदे. स्मरणचित्राला जत्रा नाहीतर बसस्टँड. आता या परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे लातूर पॅटर्नच्या गावात तिला चांगलाच भाव आलाय. आमच्या वेळी नुसतं प्रमाणपत्र मिळायचं, ते आईनं अजून फाइलीत ठेवलंय.

म्हणजे राज्यानं मला चित्र काढायला शिकवलं, त्याची परीक्षा घेतली, वर शिक्काही मारून दिला. चित्र बघायला कुठे जायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही, कारण जायला जागाच नव्हती. पोराला लिहायला शिकवायचं आणि गावात एकही पुस्तक ठेवायचं नाही, तसा हा प्रकार. नांदेडला इंजिनिअरिंग करून २०१८ साली मी नोकरीसाठी मुंबईत आलो. तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार फोर्ट-कुलाब्यातल्या गॅलऱ्यांमध्ये घालवतो. हिंडता हिंडता या प्रकाराची मुळं कुठे आहेत तेही वाचत गेलो, आणि ती बरीच जुनी निघाली.

१८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तीच आपली जे. जे. या शाळेतून इंग्रज सरकारला मुख्यतः कारागीर हवे होते. इमारतींची नक्षी कोरणारे, नकाशे नि नमुने बिनचूक उतरवणारे, भांड्या-लाकडांवर नेटकं काम करणारे हात. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवूड किपलिंग तिथे शिकवायचे आणि क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं त्या काळातली आहेत. शाळांमधल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा याच परंपरेतून आल्या. त्यात हाताची परीक्षा होते. रेघ सरळ आली का, सावली योग्य बाजूला पडली का, नक्षी दोन्हीकडे सारखी आहे का. समोरच्या चित्रात काय चाललंय आणि ते तसं का काढलंय, हा प्रश्न अभ्यासक्रमात बसतच नव्हता. स्वातंत्र्य आलं, महाराष्ट्र झाला, १९६५ साली कला संचालनालय आलं, परीक्षा चालू राहिली. बादली तीच राहिली.

बघण्याची सोय मुंबईत वेगळ्या लोकांनी, वेगळ्या कारणासाठी केली. १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीला तिचा कारभार आणि तिचा प्रेक्षक दोन्ही बहुतांशी गोरे होते. हौशीनं जलरंगात निसर्ग रंगवणारे अधिकारी, त्यांच्या मडमा, त्यांचे मित्र. पण वार्षिक प्रदर्शन म्हटलं की स्पर्धा आली आणि स्पर्धा म्हटली की कुणी बाहेरचाही जिंकू शकतो. १८९५ साली कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी तिथलं सुवर्णपदक मिळवलं. पुढे त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिलं. ते मुद्दाम वाचावं, कारण मराठी माणूस या दिवाणखान्यात शिरताना त्याला काय काय सांभाळावं लागत होतं ते त्यात ओळीओळीत दिसतं. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, पण दिसतं.

या सगळ्यात लातूर कुठे होतं? मुंबई इलाख्यात तर नक्कीच नव्हतं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या संस्थानात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. माझ्या पणजोबांची राजधानी हैदराबाद. तिकडचे कागद उर्दूत, इकडची कीर्तनं मराठीत. गंमत अशी की जगातली एक अत्यंत जुनी चित्रशाळा याच राज्यात होती. अजिंठा निजामाच्या हद्दीत येत असे. जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्सनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तिथे वर्षानुवर्षं नकला करवून घेतल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. १९२० नंतर निजामानं लेण्यांच्या दुरुस्तीसाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले. म्हणजे मराठवाड्यातली चित्रं बघायला मुंबई, लंडन, इटली सगळीकडून माणसं येत होती. लातूरचा शेतकरी अजिंठ्याला कधी जाणार होता? तो पंढरपूरला जात होता.

पंढरपूरला जायला तेव्हा बार्शी लाइट रेल्वे होती. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी १९११ च्या सुमारास लातूरला पोचली. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी आणि तिथून पंढरपूर. पुढे हीच लाइन मिरजेपर्यंत गेली. २००८ साली कुर्डुवाडीपर्यंतचं रुंदीकरण पुरं झालं आणि आता लातूर एक्स्प्रेस रात्रभर धावून सकाळी सीएसएमटीला उभी राहते. त्या लाइनचा उल्लेख मी उगाच करत नाहीये, तिच्याकडे परत येतो.

चित्रं लातूरला येत होती, पण कॅलेंडरं होऊन. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. नंतर मुळगावकर आले, एस. एम. पंडित आले. पंडित तर गुलबर्ग्याचे, आमच्याच संस्थानातले. गंजगोलाईतल्या दुकानांच्या भिंती हीच लातूरची गॅलरी. वर्षाच्या शेवटी दुकानदार गिऱ्हाइकाला कॅलेंडर द्यायचा, बारा महिन्यांनी तारखा फाडून चित्र चौकटीत जायचं. खताची जाहिरात तशीच खाली राहायची. कलासमीक्षक या चित्रांना बराच काळ नाकं मुरडत आले आणि मला ते कधी पटलेलं नाही. निदान ती चित्रं लोकांपर्यंत आली होती.

आता मुंबई. १९४७ साली सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. या गटाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की पुन्हा सांगायचा कंटाळा येतो. पण पुस्तकांतून त्यांच्या शैलीबद्दल वाचायला मिळतं, मला त्यांचे पत्ते जास्त मोलाचे वाटतात. सूझा गोव्याचे. रझा मध्य प्रांतातले, नागपूरला शिकलेले. हरी गाडे अमरावती जिल्ह्यातले, विज्ञान शिकलेले, पेशानं शिक्षक. बाकरे जन्मानं बडोद्याचे. कृष्णाजी हौळाजी आरा सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे पुन्हा आमच्याच संस्थानातले. लहानपणी पळून मुंबईला आले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. आणि मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले, इंदूरला वाढले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत राहिले. मुंबईच्या आधुनिक कलेचा पाया म्हणून ज्यांची नावं घेतात त्या सहांतलं अस्सल मुंबईकर कोण, हे शोधावंच लागतं.

त्यांना बघणारे लोकही बाहेरचेच होते. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक होते. रुडी फॉन लायडन समीक्षा लिहीत. एमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. हिटलरमुळे देश सोडावा लागलेली ही माणसं. त्यांच्या घरांत युरोपातल्या चित्रांची पुस्तकं होती आणि मोटारी धुतलेल्या माणसाचं चित्र भिंतीवर लावायला त्यांना संकोच नव्हता. १९४९ साली गटाचं पहिलं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं. मुल्कराज आनंद यांनी उद्घाटन केलं.

पण त्याहीआधी एक वेगळंच दालन होतं, ज्याला कुणी दालन म्हणत नव्हतं. केकू गांधी नावाच्या पारशी तरुणानं १९४१ साली चौकटी बनवायचा धंदा सुरू केला होता. नाव केमोल्ड, केमिकल मोल्डिंगवरून. दुकानाच्या काचेत नुसत्या चौकटी मांडल्या तर कोण बघणार? म्हणून त्यानं त्यांत ओळखीच्या तरुण चित्रकारांची चित्रं बसवली. आरा, हुसेन वगैरे. चौकट बघायला आलेला माणूस चित्र बघून जाऊ लागला. या गोष्टीवर माझा फार जीव आहे. रस्त्यावरून चालत जाणाऱ्या माणसाला दार ढकलायची, आत काय वागायचं याची काळजी करायची गरजच नव्हती. काचेपलीकडे चित्र, अलीकडे फुटपाथ. १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी काढली आणि मग ती भारतातल्या मोठ्या गॅलऱ्यांत गणली जाऊ लागली. २००७ पासून तिचा मुख्य पत्ता फोर्टात, क्वीन्स मॅन्शनच्या वरच्या मजल्यावर आहे. आता तिथे जायला जिना किंवा लिफ्ट. फुटपाथवरून काही दिसत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ सालची. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या नावानं पैसे दिले, त्यामागे के. के. हेब्बर आणि होमी भाभा यांचा आग्रह होता. अणुशास्त्रज्ञ माणूस चित्रांसाठी धडपडत होता हे आम्हा इंजिनिअर लोकांना कुणी सांगत नाही. तोवर मुंबईत प्रदर्शन करायचं म्हणजे कुठला तरी हॉल शोधण्यापासून तयारी. जहांगीरनं पहिल्यांदा कायमची, मधोमध आणि फुकट जागा दिली. प्रवेश फुकट हा मुद्दा मला मोठा वाटतो. तिथे कुणीही शिरू शकतो आणि म्हणूनच तिथे भांडणंही झाली. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या पहिल्याच प्रदर्शनातली ‘लव्हर्स’ ही चित्रं पोलिसांनी उतरवायला सांगितली. ते तेव्हा पंचविशी-सव्विशीचे होते. त्यांनी उतरवली नाहीत, अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला आणि जिंकले. बंद दिवाणखान्यात ती चित्रं असती तर पोलीस आले नसते, हेही खरंच.

तिथलं समोवार हे अरुंद, बोळासारखं उपाहारगृह १९६४ ते २०१५ चाललं. मी मुंबईत येईपर्यंत बंद झालं होतं, त्यामुळे त्याच्या आठवणी काढणाऱ्यांच्या घोळक्यात मला नुसतं उभं राहावं लागतं.

माझं स्वतःचं पहिलं प्रदर्शन मात्र जहांगीर नव्हे. रस्ता ओलांडून एनजीएमए, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. विटेटनं बांधलेला १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, ज्यात पूर्वी सभा आणि मैफली व्हायच्या. १९९६ मध्ये तिथे हे संग्रहालय उघडलं. आत अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात. मधल्या जिन्यात उभं राहिलं की मला गंजगोलाई आठवते. आमच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, इथे एकच येतो.

मी गेलो ते भांडणाची बातमी वाचून. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन तिथे उघडलं. उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकर यांनी संग्रहालयाची स्थानिक सल्लागार समिती बरखास्त झाल्याचा विषय काढला. इथे काय दाखवायचं हे आता स्थानिक कलावंतांऐवजी दिल्ली ठरवणार का, असा त्यांचा रोख होता. त्यांना भाषणात पुन्हा पुन्हा अडवण्यात आलं, बरव्यांवरच बोला म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच. मला पालेकर माहीत होते, बरवे माहीत नव्हते. पुढच्या शनिवारी वीस रुपयांचं तिकीट काढून आत गेलो.

कॅनव्हासवर मोकळ्या जागेत एखादं घड्याळ, एखादं पान, एक ढग. एकमेकांशी संबंध नसल्यासारखे, पण एक हलवलं तर सगळं पडेल असे. मी पडद्यांची मांडणी करणारा डेव्हलपर आहे, बटण आणि मजकूर यांच्यामध्ये किती जागा सोडायची यावर आमच्या ऑफिसात तासतास वाद होतात. रिकामी जागा म्हणजे राहून गेलेली जागा नव्हे हे मला ठाऊक होतं, पण त्याच्यावर कुणी आयुष्य घालवलंय हे माहीत नव्हतं. बाहेर पडल्यावर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ शोधून वाचलं. मराठीत. हे महत्त्वाचं, कारण आतापर्यंत मी जेवढ्या खासगी गॅलऱ्यांत गेलोय, त्यांत भिंतीवरचा मजकूर मला इंग्रजीतच भेटला, आणि तोही असा की दोनदा वाचून चित्र आणखी लांब जातं. ज्ञानेश्वर नाडकर्णी, प्रभाकर कोलते, सतीश नाईकांचं ‘चिन्ह’, असं मराठीत चित्रांविषयी लिहिणारे होते आणि आहेत. त्यांच्यावाचून मी तिसऱ्या शनिवारी थांबलो असतो.

खासगी गॅलऱ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण नवख्याला पहिला धाक तिथलाच. कुलाब्याच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींमध्ये त्या आहेत. प्रोजेक्ट ८८ तर एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. बाहेर छोटी पाटी, कधी बेल दाबावी लागते. आत एसी, पांढऱ्या भिंती, लॅपटॉपवर मान खाली घातलेली एक व्यक्ती. तिकीट नसतं. कुणी काही विचारत नाही. पण माझ्या ओळखीतले मराठवाड्यातले पाच-सहा इंजिनिअर आहेत, त्यांच्यातल्या कुणाला फुकट आहे, चल म्हटलं तरी ‘आपल्याला कोण आत सोडतंय’ हेच पहिलं उत्तर येतं. मॉलमध्ये जाताना हीच मंडळी असं म्हणत नाहीत.

२०२२ च्या दिवाळीनंतर पप्पा आले होते. ते मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मुनीम होते, आयुष्यभर तूर-हरभरा-सोयाबीनचे हिशोब. लातूर एक्स्प्रेसनं सकाळी उतरले, गॅलऱ्या अकराला उघडतात, तोवर आम्ही आझाद मैदानावर क्रिकेट बघत बसलो. मग जहांगीर. “फुकट हाय का? मग बघायला काय जातंय,” म्हणून आत शिरले. पहिली दहा मिनिटं चित्रांपेक्षा पाट्याच वाचत होते. मग विचारलं, “ही लाल टिकली कशाची?”

“ते विकलं गेलं, पप्पा.”

“म्हंजे सौदा झाला. अडत किती घेत्यात?”

मी सांगितलं की इथे चित्रकार भाडं भरून हॉल घेतो. खासगी गॅलरीत मात्र विक्रीतला वाटा द्यावा लागतो, बऱ्याचदा अर्धा.

“अर्धी अडत? आमच्याकडं मोर्चा निघंल.”

त्यानंतर ते सैलावले, कारण आता ही जागा त्यांच्या ओळखीची झाली होती. एका कोपऱ्यात कोरड्या नदीपात्राचं मोठं चित्र होतं. त्याच्यापुढे ते इतका वेळ उभे राहिले की खुर्चीवर बसलेला चित्रकार उठून आला. “ही मांजरा हाय का?” पप्पांनी विचारलं. चित्रकार म्हणाला, नाही काका, सीना. मग पंधरा मिनिटं दोघं पाण्यावर बोलत होते. पप्पांनी त्याला २०१६ ची पाण्याची रेल्वे सांगितली, मिरजेहून टँकर भरून लातूरला यायची ती. तीही त्याच जुन्या बार्शी लाइनच्या वाटेनं आली होती. चित्रकारानं ती वहीत लिहून घेतली. मला त्या चित्रात फारसं काही दिसलं नव्हतं. पप्पांना वाळूचा उपसा कुठून झालाय तेसुद्धा दिसलं.

लांबच्या गावांतले चित्रकार मुंबईच्या भिंतीवर पोचत नाहीत असं नाही. आरांपासून ते पोचतच आलेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावातले प्रभाकर पाचपुते कोळशानं खाणकामगार रंगवतात. २०१२ साली रीगलजवळच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं आणि आता त्यांचं काम जगभर दाखवलं जातं. तिथल्याच गटातले अमोल पाटील २०२२ मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटात होते. चित्रकाराला मुंबईत यायची वाट सापडते, मग ती पळून यायची का असेना. सास्तीत बसून पाचपुत्यांचं चित्र बघायची वाट कुठली? ती दीडशे वर्षांत कुणी काढली नाही, आणि याचा दोष मी गॅलऱ्यांवर टाकणार नाही. त्या दुकानं आहेत, आपापलं भाडं भरतात. परीक्षा घेणाऱ्यानं एखादी भिंतही द्यायला हवी होती.

वाट काढायचा एक प्रयत्न झाला, तो एका चित्रकारानं केला. सुधीर पटवर्धन पेशानं रेडिओलॉजिस्ट, राहायला ठाण्यात. लोकलमधले, इराण्याकडचे, पुलाखालचे लोक त्यांनी रंगवले. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं समकालीन भारतीय चित्रकलेचं प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये फिरवलं. छापील प्रती नव्हेत, मूळ चित्रं. ज्यांनी कधी चित्र वाहतुकीला दिलंय त्यांना विचारा याचा अर्थ काय: खोकी, विमा, ट्रक, हॉलची वीज, राखण. एका खासगी गॅलरीचं पाठबळ होतं, आणि नेमकी त्याच वेळी जगभर मंदी आली. मी तेव्हा सातवीत, लातुरात, एलिमेंटरीसाठी कांद्याची सावली घोटत होतो. आमच्या वर्गात त्याची बातमीही पोचली नाही. पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन मी पाहिलं ते जानेवारी २०२० मध्ये, पुन्हा एनजीएमएतच. लोअर परळची चित्रं बघायला लोअर परळची माणसं आली होती का, हे मी तिथे उगाच चेहऱ्यांवरून शोधत होतो.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात अतुल दोडियांनी २०१४-१५ मध्ये ‘७००० म्युझियम्स’ नावाचं प्रदर्शन केलं होतं. मी ते पुस्तकातच पाहिलंय. या प्रजासत्ताकातल्या गावोगावी स्वतःचं संग्रहालय असावं, अशी त्यामागची कल्पना. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर मनात हिशोब केला की लातुरात किती मंगल कार्यालयं आहेत, आणि हसू गेलं.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. १९५४ सालचं, लांबीला जवळपास चौदा फूट. त्यात गावाची छोटी छोटी दृश्यं शेजारी शेजारी मांडलीत. ते दिल्लीत एका परदेशी डॉक्टरनं विकत घेतलं, त्यानं १९६४ साली नॉर्वेतल्या ऑस्लोच्या रुग्णालयाला दिलं आणि पुढची काही दशकं ते तिथेच होतं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसानं रंगवलेलं खेडं, आणि ते बघत होते ऑस्लोतले पेशंट नि परिचारिका. त्यांचं भाग्य. मी ते फोनवर पाहिलं आणि आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना पाठवलं. सर आता निवृत्तीला आलेत, अजून दरवर्षी पोरांना इंटरमिजिएटला बसवतात. संध्याकाळी त्यांचा फोन आला. किमतीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. चित्र मोठं करून करून बघितलं म्हणाले, गाडीतल्या बायांची बसण्याची ठेवण फार नामी आहे, स्मरणचित्राला पोरांना दाखवीन. मग विचारलं, “खरं केवढं हाय रे ते?”

मी म्हटलं, चौदा फूट, सर.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, “मग आपल्या व्हरांड्यात बसतंय की.”